रुख्मिणीची चमकी

माझ्या पायाची परीक्षा झाली आणि मी पहिल्या नंबराने पास झालो, तिथूनच सगळा घोटाळा सुरू झाला. नापास झालो असतो तर ही गोष्ट दोन ओळींत संपली असती.

झालं असं की, चिखलीतल्या आमच्या कॉलनीत एका मंडळाने मोफत मधुमेह तपासणी शिबिर भरवलं. मोफत म्हटलं की आमची कॉलनी उपाशीपोटी धावत जाते, आणि इथे तर पत्रकावर ‘उपाशीपोटीच यावे’ असं छापलेलं होतं. माझी साखर निघाली दोनशे बारा. तीन महिन्यांची सरासरी की काय म्हणतात ती नऊ पॉइंट चार. टेबलावरच्या पोराने ‘काका, फार आहे’ म्हणून भुवया वर केल्या. मी म्हटलं, गोड तर मी खात नाही. प्रसाद तेवढा घेतो. पण प्रसादात साखर नसते, भाव असतो, अशी माझी चाळीस वर्षांची धारणा. आणि आमच्या भागात प्रसादाला तोटा नाही. आज इथे काला, उद्या तिथे भंडारा. कीर्तन कुठेही असो, मी पहिल्या फेरीचा माणूस. ऐकायलाही आणि पंगतीलाही.

पुढच्या टेबलावर पायाची तपासणी होती. तिथे एका ताईने दोन दांड्यांचा पोलादी चिमटा टेबलावर ठाणकन आपटला, त्याची खालची मूठ माझ्या पायाच्या अंगठ्याच्या हाडाला टेकवली आणि म्हणाली, “डोळे मिटा. कंप कळतोय का? थांबला की सांगा.”

आता मी एसटीत तेहतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. बसस्थानकाच्या कोलाहलात मेहकर गाडीचं इंजिन कोणतं आणि देऊळगावराजाचं कोणतं, हे मी खिडकीकडे पाठ करून सांगत असे. सप्ताहात टाळ धरला की मृदंगाची शाई केसभर उतरलेली मला आधी कळते, वाजवणाऱ्याला नंतर. मी डोळे मिटले. चिमटा गुणगुणत होता. मी ऐकत राहिलो. आवाज विरत विरत पार नाहीसा झाला तेव्हा म्हटलं, “थांबला.” दुसऱ्या पायाचंही तसंच. वर मी सांगितलं, “ताई, हा सूर पेटीच्या पांढरी एकच्या किंचित खाली आहे. जरा लावून घ्या.”

ताईने माझ्याकडे पाहिलं आणि कार्डावर लिहिलं: ‘पायाची संवेदना उत्तम.’

ते कार्ड मी देवघरात ठेवलं.

साखरेसाठी मात्र चिठ्ठी दिली होती. डॉक्टरांना भेटा, गोळ्या सुरू करा, अनवाणी फिरू नका, रोज पाय तपासा. ती चिठ्ठी माझ्या हातात असतानाच कडूबा आला. हा माझा शेजारी, सप्ताह समितीचा अध्यक्ष, आणि साखरेचा सात वर्षांचा अनुभवी. चिठ्ठी वाचून तो असा हसला की जणू मी एखाद्या बंद पडलेल्या मार्गाचं वेळापत्रक दाखवलं.

“गोळ्या काऊन घेतं बे? एकदा लागल्या का सुटत नाईत. कारल्यात उभा राह्य.”

“कशात?”

“कारल्यात! दोन किलो कारली जाडीभरडी कुटायची, घमेल्यात टाकायची, अन् त्याच्यावर पायानं चालायचं जाग्यावरच. जिभीले कडू लागलं का समजायचं, साखर खाली आली. मले तर धा मिन्टात लागते.”

मला हे शास्त्रीय वाटलं. पायाने कारलं तुडवावं आणि तोंड कडू व्हावं यात एक आध्यात्मिक सोयही होती, कारण कारलं खावं लागत नव्हतं.

रुख्मिणीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, हे पटलं नाही. “तुमच्या पायातलं कारलं माह्या मिक्सरात घालणार नाई,” असं तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं. मग माळ्यावरचा पाटा खाली आला. रोज सकाळी ती पाट्यावर वाकून कारली रगडायची आणि मी घमेल्यात उभा राहून तुडवायचो. नुसतं तुडवणं म्हणजे वेळ वाया, म्हणून मी त्याला पावली जोडली. एक पाय पुढे, एक मागे, तोंडाने नामस्मरण. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू कठड्याला रेलून बघायचे. एक जण मोबाइलवर चित्रीकरणही करत होता. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. उपचार चालू असताना अपमान मनावर घ्यायचा नसतो.

पहिल्या दिवशी वीस मिनिटं तुडवलं. जीभ ठार कोरडी, पण कडू नाही. दुसऱ्या दिवशी अर्धा तास. तिसऱ्या दिवशी पाऊण. कडूबा भिंतीवरून डोकावून विचारायचा, “लागलं का कडू?”

“नाही रे.”

“मंग तुह्या अंगात माल जास्त हाय. वाढव.”

पाचव्या दिवशी, शनिवारी, पाटा धुता धुता रुख्मिणीने नाकाला हात लावला आणि किंकाळी फोडली.

चमकी नव्हती. नाकातली, एका खड्याची, तिच्या आईची. एवढीशी वस्तू, मसुराच्या डाळीएवढी, पण माझ्या सासूबाईंनी स्वतःच्या नाकातली काढून हिच्या नाकात घातलेली, आणि सासूबाई आता नाहीत. तेव्हा ती किती ग्रॅमची होती हा प्रश्न विचारणारा माणूस मूर्ख ठरतो. मी तो विचारला.

त्यानंतरचे तीन दिवस आमच्या घराचं पुरातत्त्व उत्खनन चाललं. झाडू झाला, पोछा झाला. न्हाणीच्या मोरीची जाळी उचकटली. पारिजातकाच्या बुडाशी टाकलेला पाच दिवसांचा कारल्याचा चोथा तिने चाळणीने चाळला. शेजारच्या जयमालाबाई आल्या. त्यांनी सांगितलं की वस्तू हरवली की पदराला गाठ मारायची. पदराला गाठ बसली. मीही शोधत होतो. हातात टॉर्च घेऊन, अनवाणी, घरभर, गच्चीवर, अंगणात, कोपरा न कोपरा. मधून मधून तिला मायेच्या क्षणभंगुरतेबद्दल दोन शब्द सांगत होतो. “रुख्मिणी, आपलं म्हणून काय आहे या जगात?”

“तुमचे टाळ हरवले असते म्हंजे पाह्यलं असतं मी तुमची क्षणभंगुरता,” ती म्हणाली. मी टॉर्च घेऊन खाटेखाली शिरलो.

त्यात रविवारी सप्ताह बसला. थंडीचे दिवस आणि निम्मे श्रोते साठीपुढचे, म्हणून आमच्याकडे कीर्तन संध्याकाळी पाच ते सात असतं. तिसऱ्या दिवशी संग्रामपूरकडचे महाराज होते. त्यांचं कीर्तन म्हणजे काय सांगावं! हा माणूस नुसता उभा राहिला तरी माझ्या डोळ्यांत पाणी येतं. त्यांच्या मागे टाळ धरायचा मान यंदा मला होता, पहिल्या रांगेत, विणेकऱ्याच्या उजव्या हाताला. पायाखाली परटाने इस्त्री केलेली कोरी पांढरी चादर अंथरलेली. चपला अर्थातच मंडपाबाहेर.

अभंगाचं निरूपण झालं, भजनाला रंग चढला, आणि आम्ही पावली धरली. पुढे, मागे, पुढे, मागे. त्या दिवशी माझा पाय असा काही पडत होता की मला स्वतःचाच हेवा वाटला. मृदंगाचा ठोका आणि माझी टाच यांत सुईचं अंतर नव्हतं. समोरच्या बाया माझ्याकडेच बघत होत्या. मी नजर नम्रपणे खाली न घालता वर छताकडे लावली. तीच चूक झाली. खाली बघितलं असतं तर कळलं असतं की त्या बघताहेत चादरीकडे.

“महाराज, थांबा!”

बायकांच्या बाजूने रुख्मिणी उभी राहिली होती. चाळीस वर्षांत मी कीर्तन थांबलेलं पाहिलं नाही. एकदा वावटळीत मंडपाचं कापड उडून गेलं तेव्हासुद्धा नाही. मला धरणी दुभंगावी असं झालं.

“ह्यांच्या पायातून रक्त येऊन राह्यलं!”

मी खाली पाहिलं. कोऱ्या चादरीवर लाल ठिपक्यांची ओळ होती. पुढे, मागे, पुढे, मागे. अगदी तालात.

महाराजांनी हातातली चिपळी खाली ठेवली. मला तिथेच बसवलं आणि माझी डावी टाच स्वतःच्या मांडीवर घेतली. मी पाय ओढू लागलो. महाराजांच्या मांडीवर पाय म्हणजे पाप नव्हे काय? पण त्यांनी घोटा घट्ट धरला. टाचेच्या भेगेत काहीतरी लुकलुकत होतं. त्यांनी उपरण्याच्या टोकाने धरून अलगद ओढलं.

“चमकी!” जयमालाबाई ओरडल्या. “वैनी, सापडली वो चमकी!”

सगळ्या बायकांत आनंदाची लाट उठली. कुणीतरी टाळीही वाजवली. रुख्मिणीने ओंजळ पुढे केली, चमकी तिच्या हातात पडली, आणि तिचा चेहरा उजळला. फक्त एक क्षण. मग तिने चमकीकडे पाहिलं, त्या चमकीच्या टोकदार दांडीकडे पाहिलं, आणि माझ्याकडे.

“अवो, शनवारपासून रुतून हाय ही. दुखलं नाई तुमाले?”

“नाही.”

“जराबी?”

मी आठवून पाहिलं. तीन दिवस टॉर्च घेऊन जी वस्तू मी घरभर शोधत होतो, ती माझ्याच टाचेत बसून माझ्याबरोबर फिरत होती. आणि मला कळलं नव्हतं. आत्ताही महाराजांचं बोट टाचेवर होतं ते मला दिसत होतं, म्हणून कळत होतं.

मला डेपोतला गोविंदा कंडक्टर आठवला. त्याच्या बुटात खिळा वर आला होता. त्यालाही कळलं नव्हतं. आधी अंगठा गेला, मग शेजारचं बोट, मग घोट्यापासून खाली. माणूस तोच, हसणंही तेच, पण पायऱ्यांची गाडी त्याच्यासाठी संपली. मंडपात चारशे माणसं होती आणि मला एकदम थंडी वाजायला लागली.

मी म्हटलं, “महाराज, कीर्तन थांबवू नका.”

महाराज म्हणाले, “शेषराव, कीर्तन पांडुरंगाचं हाय, तो थांबते. रक्त कोणासाठी थांबत नाई. न्या रे यायले.”

पट्टी त्याच संध्याकाळी बांधली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मोठ्या दवाखान्यात. कोणत्या ते सांगत नाही, तिथली माणसं शेवटी चांगली निघाली. खिडकीवरच्या मुलाने शिबिराचा माझा क्रमांक संगणकात घातला आणि म्हणाला, “काका, तुमी या रांगेत काऊन उभे? तुमचा पाय नॉर्मल हाय. ऑनलाइन दिसून राह्यलं.”

मी पाय उचलून दाखवला. “मग हे रक्त?”

“ते इथं नाई येत,” तो पडद्याकडे बघत म्हणाला. “इथं ‘संवेदना उत्तम’ हाय. पायाच्या डॉक्टरकडं पाठवाचं तर संवेदना कमी पाह्यजे.”

तेहतीस वर्षं मीही खिडकीच्या आत होतो. ‘फळ्यावर नाही म्हणजे गाडी नाही’ असं मी हजारो माणसांना, मागे गाडी उभी असताना, सांगितलेलं आहे. त्या सगळ्यांची मी मनातल्या मनात क्षमा मागितली. पण रुख्मिणी कधी खिडकीच्या आत नव्हती. तिने पदराची गाठ सोडून चमकी काढली आणि त्याच्यापुढे धरली. “पोरा, हे ह्यांच्या टाचंत तीन दिवस व्हतं. लिही तुह्या ऑनलाइनमंधी.”

पोराने चमकी पाहिली, माझा पाय पाहिला, आणि उठून आम्हाला आत नेलं.

आत पायाच्या डॉक्टर मंजुश्री मॅडम होत्या. वयाने आमच्या मुलीएवढ्या, बोलायला मऊ, हात मात्र पक्का. त्यांनी जखम धुतली, सळईने खोली पाहिली, हाडाचा फोटो काढायला पाठवलं. मग तसाच पोलादी चिमटा काढला. मला धीर आला. हा विषय माझा होता.

“डोळे मिटा काका. कळतंय?”

“हो. स्पष्ट.”

“आता?”

“हो हो. अजून चालू आहे.”

“डोळे उघडा.”

उघडले. चिमटा माझ्या अंगठ्यापासून वीतभर दूर, हवेत होता. गुणगुणत होता. पांढरी एकच्या किंचित खाली.

मंजुश्री मॅडमनी माझ्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले आणि परत डोळे मिटायला सांगितलं. मी वाट पाहत राहिलो. बरंच थांबलो. शेवटी मोठ्याने विचारलं, “सुरू करताय ना?”

रुख्मिणीने माझा हात धरला. म्हणजे चिमटा केव्हाचा टेकलेला होता.

आयुष्यभर ज्या कानांचा अभिमान बाळगला त्यांनी माझ्या पायाची खोटी साक्ष दिली होती. मी शरमेने कापूस काढायलाही विसरलो. त्यामुळे मॅडम पुढे बोलल्या ते मला ओठांवरून समजून घ्यावं लागलं, आणि ओठांवरून मला जे समजलं ते असं की पाय कापावा लागणार. मी रडायलाच लागलो. रुख्मिणीने बोळे उपटले.

“काका, काका! ‘पाय वाचला’ म्हणतेय मी!”

खरं काय ते त्यांनी पुन्हा सांगितलं. जखम उथळ आहे, हाडापर्यंत गेलेली नाही. पायात रक्त चांगलं खेळतंय. बोटांतली आणि टाचेतली जाणीव कमी झाली आहे, घोट्यापासून वर शाबूत आहे. गेलेली परत येईलच असं नाही, पण साखर आटोक्यात ठेवली तर आहे तिथे थांबवता येईल. “आणि आणखी चार दिवस कारल्यात उभे राहिला असतात ना,” रुख्मिणीकडून सगळा उपचार ऐकून त्या म्हणाल्या, “तर मी हे हसत सांगत नसते.” गोळ्या लिहिल्या. डोळ्यांचा पडदा आणि लघवी तपासायला लावली, कारण साखर म्हणे पायात शिरते तशी तिकडेही शिरते, आणि तिकडेही सांगून शिरत नाही. दोन्ही ठीक निघालं. फक्त डोळ्यांत थेंब घातल्याने जग धुक्यात गेलं होतं, त्यात मी बसस्थानकाजवळ महाराज समजून एका उमेदवाराच्या फलकाला लवून नमस्कार केला. रुख्मिणीने सांगितलं तोवर दोन कार्यकर्त्यांनी माझं नाव लिहून घेतलं होतं.

तीन आठवडे पायावर भार नको आणि आयुष्यभर अनवाणी नको. घरातसुद्धा नको. मी विचारलं, “आणि मंडपात?”

“मंडपाला वेगळा पाय आहे का काका?”

हा खरा पेच. साखरेची गोळी घेईन, प्रसाद चिमूटभर घेईन, रोज चालेन. पण चप्पल घालून महाराजांच्या मागे कसा उभा राहू? उरलेला सप्ताह मी मंडपाच्या टोकाला खुर्चीवर बसून, पाय स्टुलावर ठेवून ऐकला, मृदंग ऐकत आणि हात आवरत. पुढच्या सप्ताहात कुठे बसायचं, हा विचार जखमेपेक्षा जास्त ठसठसत होता.

मी रिक्षाने फकीर मोहम्मदकडे गेलो. त्याचं चपलांचं दुकान बापाच्या वेळेपासूनचं. त्याने कागदावर माझा पाय ठेवून पेन्सिलने रेघ ओढली, मऊ रबराचा तळ निवडला आणि माझी अडचण शांतपणे ऐकली.

“भाऊ, लोकायले चपलीचं वावडं नसते. चपलीसंगं जो रस्ता येते ना अंदर, त्याचं वावडं असते,” तो म्हणाला. “दोन जोड करू. एक बाहेरची. दुसरी बिनकातड्याची, रबर अन् कापड. ती रस्त्याचं तोंड नाई पाह्यणार. पिशवीत घेऊन जा, मंडपाच्या दारात बदला. मीबी मस्जिदीत चपला काढूनच जातो ना, मले समजते तुमची अडचण.”

मी ही कल्पना समितीपुढे ठेवली. कडूबा ताडकन उठला. “नियम म्हंजे नियम! आज चप्पल, उद्या बूट, परवा स्कूटर आणतीन मंडपात!” मी नव्या चपलांची पिशवी आवरली.

पण दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला जाताना सोबत कडूबाच आला. मैत्री वेगळी, अध्यक्षपद वेगळं. दवाखान्यात त्याने मॅडमना आपल्या दहा मिनिटांच्या कडू जिभेबद्दल ऐकवलं. मॅडमनी आदराने ऐकलं आणि म्हणाल्या, “या, तुमचाही पाय बघू.” त्याचे डोळे मिटवले आणि एक नायलॉनचा धागा काढला. “टेकला की हो म्हणा.”

“हाव,” कडूबा म्हणाला. “हाव. हाव. हाव.” अगदी मात्रा मोजल्यासारखा.

मॅडमनी धागा केव्हाच खिशात ठेवला होता. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

परतताना रिक्षात, पार बाजारपेठ ओलांडल्यावर तो म्हणाला, “शेषराव, त्या कारल्याचं सांगू का? कुटताना मी बोट चाटून पाह्यत व्हतो. म्हून कडू लागे.”

“मला काऊन नाही सांगितलं बे?”

“मलेच आता समजलं ना!”

त्याच आठवड्यात आतल्या चपलीचा ठराव कडूबानेच मांडला. दुसऱ्या दिवसापासून फकीर मोहम्मदकडे कॉलनीतली माणसं एकेकटी, इकडेतिकडे बघत जाऊ लागली. आमच्यात साखर म्हणे आणखी कोणालाच नव्हती, पण आतल्या चपला अकरा जोड गेल्या. जयमालाबाईंनी तर दोन रंगांत घेतल्या.

आता तीन महिने झाले. सरासरी सहा पॉइंट नऊ आली. काल परत पायाची परीक्षा होती. मी आपण होऊन कानांत कापूस घातला. अंगठ्याला काही कळलं नाही, ते मी मान हलवून प्रामाणिकपणे सांगितलं. मग चिमटा घोट्याच्या हाडाला टेकला, आणि कानांत पूर्ण शांतता असताना हाडातून एक बारीक थरथर वर आली. आवाज नाही, नुसता नाद. पांढरी एकच्या किंचित खाली. मी इतका वेळ ‘आहे, आहे, अजून आहे’ म्हणत राहिलो की मॅडमना चिमटा काढून घ्यावा लागला. “जिथे होतं तिथेच आहे काका,” त्या म्हणाल्या. “हेच हवंय.”

दिवेलागणीनंतर आमच्याकडे आता एक नवा नित्यनेम असतो. हरिपाठ झाला की मी खाटेवर पाय लांब करतो आणि रुख्मिणी चष्मा लावून, टॉर्च आणि हातआरसा घेऊन माझे तळवे बघते. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, कड अन् कड. नाकातली चमकी टॉर्चच्या उजेडात लुकलुकते. सोनाराने तिची फिरकी आता घट्ट बसवून दिली आहे, तरी आरसा उचलण्याआधी ती एकदा नाकाला हात लावून खात्री करतेच.

“सापडलं का काही?” मी विचारतो.

ती दोन्ही पाय पुन्हा एकदा उलटेपालटे करून बघते, पदराने पुसते, आणि आरसा खाली ठेवते.

“काईच नाई,” ती म्हणते.

मग आम्ही जेवायला बसतो.